परीक्षेचे भेव आणि नर्स होणारी आपली लेक

बेणे कोणते लावावे, खताचा हप्ता कधी द्यावा, पाण्याची पाळी किती दिवसांनी यावी, हे विषय आपल्या या पानांवर नेहमीच येतात. या वेळी आम्ही फडातून जरा बाजूला होऊन घरात डोकावणार आहोत. पुसद, उमरखेड, महागाव या आपल्या ऊसपट्ट्यात आज अशी पुष्कळ घरे आहेत, की जिथे ओसरीवर ऊस बिलाचा हिशेब चालतो आणि आतल्या खोलीत लेक किंवा सून नर्सिंगची पुस्तके उघडून बसलेली असते. कुणी ए.एन.एम. करते, कुणी जी.एन.एम., कुणी बी.एस्सी. नर्सिंग, तर कुणी त्याच्याही पुढच्या परीक्षेला बसते. पोरगी हुशार असते, वॉर्डात काम चोख करते. पण तारीख जवळ आली की झोप उडते, अन्न गोड लागत नाही, आणि एक दिवस ती आईजवळ येऊन म्हणते, "माय, मले भेव वाटते. वाचलेलं काहीच आठवत नाही."

घरचे सांगतात, "अवं, भ्याचं काय काम? अजून वाच, रातभर वाच." हा सल्ला मायेपोटीच दिलेला असतो, पण तो अपुरा आहे. परीक्षेची भीती नुसते वाचून जात नाही, ती परीक्षा देऊन जाते. घरच्या घरी, लहान लहान, पुन्हा पुन्हा दिलेल्या परीक्षांनी ती कमी होते. आणि अशा परीक्षा घेण्यात आईबापाचा, सासूसासऱ्याचा, भावाचा हात लागू शकतो, मग ते शिकलेले असोत वा नसोत. हे कसे, ते आता सविस्तर पाहू.

ही परीक्षा गावाचीही आहे

आधी या शिक्षणाचे आजचे रूप समजून घेऊ. पूर्वी नर्स म्हटली की डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन देणारी, पट्टी बांधणारी बाई, एवढीच कल्पना होती. जगात ही कल्पना बदलायला सुरुवात झाली १९६५ साली. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून परिचारिकांसाठी एक नवा अभ्यासक्रम काढला. फोर्डबाईंनी स्वतः ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्याचे काम केले होते. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे नर्सच पोचते, हे त्यांनी पाहिले होते. मग त्या नर्सला तपासणी, प्राथमिक निदान आणि ठरलेल्या मर्यादेत उपचार हे सगळे नीट शिकवावे, असा त्यांचा विचार. त्या शिक्षणातून तयार झालेल्या परिचारिकेला 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणू लागले. आज अमेरिकेत त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि वेगळी प्रमाणपत्र परीक्षा असते.

आपल्या देशातही हे वारे आले आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात वर्गापेक्षा प्रत्यक्ष रुग्णसेवेला कितीतरी जास्त वेळ दिलेला आहे. २०१८ साली केंद्र शासनाने बाळंतपणाच्या सेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. परिचर्या शिक्षणाचा कारभार नव्याने लावण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला.

पण आपल्या गावाच्या दृष्टीने या कल्पनेच्या सर्वांत जवळचे पद म्हणजे उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, आणि २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. नर्सिंग किंवा आयुर्वेदाचे शिक्षण झालेल्यांनी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून तिथे यावे, अशी मूळ योजना आहे. पुढे बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच तो भाग घातला गेला.

सपाटीच्या भागात पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा नियम आहे. तिथे तिशी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब पाहणे, रक्तातली साखर पाहणे, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करणे, चालू असलेल्या गोळ्या देणे, गरज पडल्यास ई-संजीवनीवरून लांबच्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणे, ही कामे होतात. साखर पिकवणारे आपण, पण रक्तातली साखर किती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ते सांगणारी व्यक्ती पायी जाण्याच्या अंतरावर असणे, याचे मोल फार मोठे आहे.

म्हणून म्हणतो, त्या आतल्या खोलीत बसलेल्या मुलीची परीक्षा ही गावाचीही परीक्षा आहे. ती केवळ भीतीपायी मागे राहिली, तर नुकसान एका घराचे राहत नाही.

भेव म्हणजे नेमके काय

भीती वाटणे म्हणजे तयारी नसणे, असा एक गैरसमज आहे. तो आधी काढून टाकू. समोर काही महत्त्वाचे असले की शरीर आपोआप सज्ज होते. काळीज धडधडते, हाताला घाम येतो, पोटात गोळा येतो, सारखे लघवीला जावेसे वाटते. शंकरपटात बैल सुटण्याआधी हाकणाऱ्याचे काय होते, ते आठवून पाहा. तो घाबरलेला असतो असे नाही, तो तयार झालेला असतो.

या भीतीचे दोन भाग आहेत, असे लीबर्ट आणि मॉरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच दाखवून दिले. एक भाग शरीराचा, म्हणजे वर सांगितलेली धडधड. दुसरा भाग मनाचा, म्हणजे काळजीची वाक्ये. 'मी नापास होईन', 'बाबांनी बिलाच्या पैशातून फी भरली', 'लोक काय म्हणतील'. गुण कमी होण्याशी संबंध जास्त येतो तो या दुसऱ्या भागाचा. माणसाच्या डोक्यात एका वेळी थोडक्याच गोष्टी मावतात. ट्रॉलीत आधीच दगड भरले असतील, तर ऊस कुठे भरणार? प्रश्न वाचताना अर्धी जागा काळजीनेच अडवली, तर उत्तर येत असूनही सापडत नाही.

याचा अर्थ असा, की धडधडीला फार भिऊ नये. ती पहिल्या काही मिनिटांत बहुधा ओसरते. लक्ष द्यायचे ते काळजीच्या वाक्यांकडे. ती वाक्ये दोन ठिकाणांहून येतात. काही येतात चुकीच्या अभ्यासातून, आणि काही येतात, सांगायला वाईट वाटते, घरच्यांच्या तोंडातून.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

आधी अभ्यासाचे बोलू. पुष्कळ मुली एकच धडा चार वेळा वाचतात, रंगीत पेनाने रेघा मारतात, आणि 'झाला धडा' म्हणून पुढे जातात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. पण ओळखणे आणि आठवणे यांत फरक आहे. बाजारात दिसलेला चेहरा आपण ओळखतो, पण नाव आठवत नाही, त्यातला प्रकार.

२००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरी रोडिगर आणि कारपिक या दोघांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही वेळा वाचूनच अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदा अभ्यासला, आणि पुढे तीन वेळा कागद मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्यानंतर पुन्हा विचारले, तर वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवले आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला पुढे चांगले आठवेल असा जास्त भरवसा वाचणाऱ्या गटालाच वाटत होता.

शेतकऱ्याला हे नवे नाही. सगळे पाणी एकदाच सोडून शेत तुडुंब भरले, तर ते वाहून जाते, मुळ्या सडतात. तेच पाणी पाळीपाळीने दिले तर पीक उभे राहते. अभ्यासाचेही असेच. आज धडा वाचला, तर झोपण्यापूर्वी पुस्तक मिटून दहा ओळी लिहाव्यात. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, तीन आठवड्यांनी पुन्हा. प्रत्येक पाळीला आधी आठवायचे आणि मगच पुस्तक उघडून राहिलेले भरायचे. हा क्रम उलटा करू नये.

यात एक त्रास आहे, तो आधीच सांगून ठेवतो. अशा अभ्यासात चुका दिसतात आणि सुरुवातीला वाईट वाटते. तिथेच मुली हा मार्ग सोडतात. त्यांना आपल्या फडातला दाखला द्यावा. तोडणीचा कार्यक्रम लागण्यापूर्वी शेतकी खात्याचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, शेंड्याकडच्या आणि बुडख्याकडच्या रसाचे ब्रिक्स पाहतो. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर ऊस पक्व, शेंड्याला कमी आले तर अजून थांबायचे. ब्रिक्स कमी आले म्हणून कुणी फड पेटवून देत नाही, आणि आपला अपमान झाला असेही मानत नाही. सराव परीक्षेतले गुण हे असेच ब्रिक्स आहेत. कुठे कच्चे आहे ते आधी कळते, आणि काटा अजून दूर असतो.

प्रश्न कसा येतो

या परीक्षांत आता नुसती घोकंपट्टी पुरत नाही. परिस्थिती देऊन 'आधी काय कराल' असे विचारतात. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेकडो शेतकरी-शेतमजूर आजारी पडले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रांगा लागल्या, कित्येकांचे जीव गेले. त्यावर प्रश्न असा येऊ शकतो:

दिवसभर फवारणी केलेल्या मजुराला उपकेंद्रात आणले आहे. घाम सुटला आहे, बाहुल्या बारीक झाल्या आहेत, तोंडातून सारखी लाळ येते आहे, घशात घरघर आहे आणि श्वास अडतो आहे. हातमोजे घातल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय कराल? (अ) कोणते औषध फवारले ते विचारून नोंद करीन. (ब) कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवीन. (क) तोंडातली लाळ काढून श्वासमार्ग मोकळा करीन. (ड) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावीन.

पाहा, चारही कामे बरोबर आहेत आणि चारही करायचीच आहेत. पण 'सर्वांत आधी' म्हटले की श्वास पहिला, म्हणून उत्तर (क). पाठ केलेली मुलगी इथे गोंधळते, कारण चारही वाक्ये तिने पुस्तकात वाचलेली असतात. रोज असे दहा प्रश्न सोडवणारी मुलगी मात्र 'सर्वांत आधी' हे शब्द शोधायला शिकते. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम तिच्या अंगवळणी पडतो. भीती वाटली तरी अंगवळणी पडलेली गोष्ट सुटत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षेचाही हिशेब समजून घ्यावा. नागपूरच्या एम्ससह देशातल्या एम्स रुग्णालयांत परिचर्या अधिकारी भरण्यासाठी २०२० पासून 'नॉरसेट' ही परीक्षा होते. तिथे बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने मिळकत शून्य, ना फायदा ना तोटा. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, की उरलेल्या तिनांतून निवडण्यात सरासरीने थोडा फायदाच आहे. दोन बाद करता आले तर आणखी जास्त. म्हणजे 'सगळे आठवत नाही' म्हणून प्रश्न सोडू नये, आणि काहीच कळत नसताना जुगारही खेळू नये.

परदेशी जाणाऱ्या मुली अमेरिकेची 'एनक्लेक्स' परीक्षा देतात. त्यात ८५ ते १५० प्रश्न येतात आणि पाच तासांची मुदत असते. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अवघड देतो, चुकले की सोपा. त्यामुळे हुशार मुलीलाही पेपर अवघडच लागतो, आणि पुष्कळ प्रश्न चुकल्यासारखे वाटतात. ही त्या यंत्राची रीतच आहे. हे ठाऊक नसेल तर मुलगी तिथेच हातपाय गाळते. परीक्षेचे नियम आधी वाचणे हाही भीतीवरचा एक उपाय आहे तो असा.

तीन महिन्यांची आखणी

पहिल्या दोन आठवड्यांत एक जुना पेपर पूर्ण सोडवून घ्यावा, घड्याळ न लावता. गुणांकडे पाहू नये. कोणता विषय कच्चा आहे, त्याची यादी करावी. कुणी औषधांच्या मात्रेच्या गणितात अडते, कुणी बाळंतपणात, कुणी लसीकरणाच्या वेळापत्रकात.

पुढचे सहा आठवडे त्या यादीवर घालावेत. सकाळी एक नवा विषय आणि संध्याकाळी जुन्याची पाळी. रोज वीस-पंचवीस प्रश्न. प्रत्येक चुकीपुढे एक ओळ लिहावी: माहीत नव्हते, की माहीत असून प्रश्न घाईत वाचला? या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत. पहिल्याला पुस्तक, दुसऱ्याला सावकाशपणा.

त्यानंतरचे तीन आठवडे पूर्ण पेपर, घड्याळ लावून, खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच. पेपर सकाळी नऊचा असेल तर सरावही सकाळी नऊला. आठवड्यातून दोन पुरेत. मधले दिवस चुका तपासण्यासाठी ठेवावेत.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीही उघडू नये. स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणे चाळावीत आणि झोप पुरी घ्यावी. रात्रभर जागून वाचलेले डोक्यात मुरत नाही. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतच मोठ्या प्रमाणावर होते. आपण रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जागतो ते नाइलाजाने. मुलीला तसला नाइलाज नाही.

घरच्यांनी काय करावे

आता आपल्या वाट्याचे काम. आम्ही ते चार भागांत सांगतो.

पहिले, तिचे रुग्ण व्हा. नर्सिंगच्या प्रात्यक्षिकात आता ठिकठिकाणी टेबले मांडून ठरलेल्या मिनिटांत एकेक काम करून दाखवायला लावतात. त्याला ऑस्की म्हणतात. तिथे परीक्षक यादी घेऊन उभा असतो: रुग्णाला नाव विचारले का, हात धुतले का, काय करणार ते समजावले का, शेवटी नोंद केली का. येत असलेल्या गोष्टी घाईत राहतात त्या इथेच. म्हणून संध्याकाळी आजोबांनी खुर्चीत बसावे आणि नातीने रक्तदाब घ्यावा. पाच मिनिटे शांत बसवावे, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर, मापताना बोलणे बंद. आजीने फक्त लक्ष ठेवावे, हात धुतले की नाही. अक्षर न येणारी आजीसुद्धा असा परीक्षक होऊ शकते. रोज कुणीतरी पाहत असताना काम केले, की परीक्षकाच्या नजरेचे भेव उरत नाही. आजोबांच्या रक्तदाबाचा आकडा कळतो, तो वरचा नफा!

दुसरे, तिला शिकवायला लावा. 'किती वाचलं?' असे विचारण्याऐवजी 'आज काय वाचलं ते मले सांग' असे म्हणा. साखरेचा आजार म्हणजे काय, सिकलसेल आईबापाकडून लेकरात कसा येतो, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, हे तिने आपल्या वऱ्हाडी बोलीत आईला समजावून सांगावे. आईला कळले तर धडा झाला. आईने 'म्हंजे काय व?' असे विचारले आणि मुलगी अडली, तर कच्ची जागा सापडली. उद्या उपकेंद्रावर तिला हेच तर करायचे आहे.

तिसरे, जिभेला आवर घाला. 'एवढा पैसा घातला तुझ्यावर', 'अमक्याची पोरगी पहिल्या झटक्यात निघाली', 'यंदा नाही झाली तर लगन करून टाकू', ही वाक्ये आपण रागाने म्हणत नाही, सहज म्हणतो. पण ती मुलीच्या डोक्यात ट्रॉलीतल्या दगडांसारखी जाऊन बसतात आणि पेपरच्या वेळी नेमकी जागा अडवतात. लग्नाचा विषय परीक्षा संपेपर्यंत घरात काढूच नये. सुनेच्या बाबतीत हे दुप्पट लागू आहे, कारण ती उलटून बोलत नाही.

चौथे, वेळ द्या. तोडणी सुरू असली की घरात माणसांची धावपळ असते, भाकरीला हात कमी पडतात, आणि पहिली हाक त्या अभ्यास करणारीलाच जाते. ऊस वेळेवर गेला पाहिजे, हे खरेच. पण परीक्षेपूर्वीचा महिनाभर रोजचे तीन तास तिचे, असे ठरवून द्यावे आणि ते कुणी मोडू नयेत. भाऊ असेल तर त्याने त्या वेळात चूल किंवा गोठा सांभाळला, तर काही बिघडत नाही.

पेपरचा दिवस

केंद्र नांदेड, अमरावती किंवा नागपूर असे लांब आले, तर आदल्या दिवशीच जावे. पहाटेच्या एस.टी.च्या भरवशावर राहू नये. प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो रात्रीच एका पिशवीत घालून ठेवावेत. सकाळी रोजचेच हलके खाणे खावे. जागे राहण्यासाठी कपावर कप चहा घेऊ नये, त्याने धडधड वाढते.

जागेवर बसल्यावर श्वासाचा एक साधा उपाय करावा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, असे दहा-बारा वेळा. बाहेर सोडलेला श्वास लांब असला की काळजाचे ठोके संथ होतात. मात्र हा उपाय त्या दिवशी पहिल्यांदा करू नये, सराव पेपरच्या आधी रोज करून ठेवावा. मधेच डोके कोरे झाले तर पेन खाली ठेवून तीन श्वास घ्यावेत आणि सोप्या प्रश्नाकडे वळावे. काही संगणक परीक्षांत मागे जाता येत नाही, तेव्हा हा नियम आधीच पाहून ठेवावा.

कुणी सांगितले म्हणून धडधड थांबवण्याची गोळी घेऊ नये. अशा काही गोळ्या दम्याच्या रुग्णाला घातक ठरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये, हे तर तिलाच उद्या लोकांना सांगायचे आहे.

आणि नाहीच जमले तर

असेही होते. चांगली तयारी असून गुण कमी पडतात. त्या दिवशी घरात काय बोलले जाते, त्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

ऊस तोडला म्हणजे पीक संपले असे आपण म्हणत नाही. मूळ जिवंत असते, खोडवा फुटतो. पाचट जागेवर ठेवून, बुडखे छाटून, वेळेवर खत-पाणी देऊन नीट राखला, तर खोडवाही चांगला उतारा देतो. पण त्याआधी एक काम करावे लागते, ते म्हणजे नांग्या भरण्याचे. जिथे उगवण नाही तिथे नवे रोप लावायचे. उगवलेल्या जागी पुन्हा लावत बसायचे नाही. दुसऱ्या खेपेचा अभ्यास असाच करावा. सगळी पुस्तके पहिल्या पानापासून उघडण्याऐवजी कुठल्या विषयात गुण गेले ते पाहून तेवढ्याच नांग्या भराव्यात. आठ दिवस विश्रांती घेऊन लगेच कामाला लागावे. परीक्षा पुन्हा येते, मूळ तेवढे सुकू देऊ नये.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. मुलगी दोन-दोन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, किंवा जगून काय उपयोग असे काही बोलत असेल, तर ते परीक्षेचे साधे भेव राहिलेले नाही. मनाच्या ओझ्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आपल्या जिल्ह्याने पुष्कळ मोजली आहे, आता तरी आपण शहाणे व्हावे. टेली-मानस ही शासनाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मुलगी स्वतः करत नसेल तर बापाने करावा. त्यात कमीपणा नाही. पिकावर रोग दिसला की आपण कृषी सहायकाला विचारतोच ना?

सभासद बंधु-भगिनींनो, गाळप हंगामात उसाचे टन आपण काट्यावर मोजतो. घरातल्या लेकीचे मोल असे एका काट्यावर होत नाही. तिची परीक्षा तीन तासांची असेल, पण तिच्याकडून गावाला मिळणारी सेवा तीस वर्षांची आहे. तेव्हा आज संध्याकाळी घरी गेल्यावर ओसरीवरच्या खुर्चीत बसा, बाही वर करा आणि म्हणा, "ये व माय, माह्यं बी.पी. पाहून दे. आणि हात धुतले का आधी?"